घरंही हवीत आणि ओढाही हवा: छोट्या वस्तीने नव्या बांधकामाचा प्लॅन कसा करायचा

छोट्या वस्तीत नव्या घरांचा विषय निघाला की बैठकीत लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते आमच्या पोरांनी राहायचं कुठे, दुसरी म्हणते झाडं तोडून आणि ओढा बुजवून घरं नकोत, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर असतं. भांडण मात्र चालतं "किती घरं" यावर, आणि माझ्या मते गाडी तिथेच अडते. चुकीच्या जागी वीस घरं बांधून अख्खा ओढा मारता येतो, आणि साठ घरं नीट जागी बसवली तर त्याच ओढ्याला फारसा धक्का लागत नाही. म्हणजे मुख्य प्रश्न कुठे आणि कशी, हा आहे. खाली जो क्रम दिलाय तो शक्यतो मोडू नका: आधी गरज, मग जमीन, मग रेषा, आणि घरांचा लेआउट त्यानंतरच. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं, लेआउट आधी छापून येतो आणि कोपऱ्यात उरलेला तिरका तुकडा "ग्रीन झोन" म्हणून रंगवला जातो.

हे लिहिताना माझ्या डोळ्यासमोर काहीशे ते काही हजार लोकांची वस्ती आहे, जिथे स्वतःचा टाऊन प्लॅनर नसतो आणि निर्णय शेवटी दहाबारा जणांच्या समितीलाच घ्यावे लागतात. कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे, ते आपापल्याकडचे तपासून घ्या. पाणी, माती आणि उतार मात्र सगळीकडे सारखेच वागतात.

१. घर नक्की कोणाला हवंय ते मोजा

"घरांची टंचाई आहे" हे वाक्य फार ढोबळ आहे, त्यावर प्लॅन होत नाही. घरोघर जाऊन चार गोष्टी विचारा: घरात असं कोण आहे ज्याला वेगळं राहायचंय पण जागा मिळत नाही, त्याला केवढं घर पुरेल, भाड्याने चालेल का, आणि महिन्याला किती झेपेल. सोबत बंद घरंही मोजा. सुट्टीपुरती उघडणारी, वारसांच्या वादात अडकलेली, पडायला आलेली, नुसतीच गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली, सगळी.

हे केलं की बऱ्याचदा लक्षात येतं की मागणी लहान घरांना आहे. एकटी राहिलेली म्हातारी माणसं, नुकतं लग्न झालेली जोडपी, शाळेत किंवा दवाखान्यात कामाला आलेली मंडळी यांना दोन खोल्या पुरतात, आणि बिल्डर मात्र बंगल्यांची स्कीम घेऊन आलेला असतो कारण त्यात त्याचं मार्जिन जास्त. बंगले जमीन भरपूर खातात आणि ज्यांना घर हवंय ते तसेच राहतात. आकडा हातात असला की समितीला ठामपणे सांगता येतं की आम्हाला एवढी घरं, एवढ्या आकाराची, साधारण एवढ्या भाड्यात हवीत, आणता का बोला.

२. जमीन वाचा, आणि पावसात वाचा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, घाई इथे अजिबात करू नका.

१९६० च्या दशकात अमेरिकेत इयन मॅकहार्ग नावाच्या स्कॉटिश लँडस्केप आर्किटेक्टने एक साधी पद्धत लोकप्रिय केली. एकाच जागेचे वेगवेगळे नकाशे पारदर्शक कागदावर काढायचे, एकावर उतार, एकावर पाण्याच्या वाटा, एकावर माती, एकावर जुनी झाडं, एकावर जनावरांची ये-जा, आणि मग सगळे एकावर एक ठेवून उजेडात धरायचे. जिथे सगळ्यांची शाई साचते ती जागा सोडायची आणि जिथे कागद मोकळा दिसतो तिथे बांधायचं. आज हेच काम कॉम्प्युटरवर जीआयएसने, म्हणजे नकाशांचे थर एकावर एक ठेवून बघायच्या सॉफ्टवेअरने होतं, फुकटचंही मिळतं, पण ट्रेसिंग पेपरवर केलं तरी छोट्या वस्तीला भागतं, आणि कागद टेबलावर पसरला की चार माणसं त्याभोवती जमून बोलतात, हा त्याचा मोठा फायदा.

आता नकाशात भरायचं काय? त्यासाठी चालावं लागतं. एक जोरदार सर येऊन गेली की तासाभराच्या आत त्या जागेवर जा, गमबूट घालून. पाणी अजून वाहत असतं, आणि ज्या जागेला सातबाराच्या किंवा मोजणीच्या नकाशावर कोरडं रान म्हटलंय तिथून बारीक ओहोळ चाललेला दिसतो. पाणी ओसरून गेलं असेल तरी खुणा राहतात. कुंपणाच्या तारेत काडीकचरा अडकलेला असतो, तो जमिनीपासून किती उंचीवर आहे ते टेपने मोजा, तेवढं पाणी तिथून गेलंय. गवत एकाच दिशेला झोपलेलं असतं ती पाण्याची दिशा. पायाखाली मऊ बारीक गाळ लागला तर तिथे पाण्याचा वेग कमी होऊन ते पसरतं. एखाद्या झाडाच्या मुळ्या एका बाजूने उघड्या पडल्या असतील तर तिथे वेग जास्त आहे. प्रत्येक ठिकाणी खुंटी मारा, फोटो काढा, आणि त्याच खुंट्यांपाशी पाऊस संपल्यावर आणि ऐन कोरड्या दिवसांत परत या. सगळीकडे वाळलेलं असताना एखादा पट्टा हिरवा राहिला असेल तर खाली ओल आहे, बहुतेक झरा किंवा पाझर. अशा ठिकाणी पाया खणला की वर्षभर पंप लावायची वेळ येते आणि खालच्या विहिरीचं पाणीही कमी होऊ शकतं.

माती पाणी किती पिते तेही इथेच बघून घ्या. साधारण दोन फूट खोल खड्डा घ्या, आधी पाणी ओतून माती चांगली भिजू द्या (कोरड्या मातीवर पहिला आकडा नेहमी फसवा येतो), मग परत भरून पट्टी उभी करा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते लिहा. तासाला दोन-अडीच सेंटीमीटरही उतरत नसेल तर तिथे सेप्टिक टँकचं पाणी मुरणार नाही, ते वर येईल. याच्या उलट दोन-तीन मिनिटांत खड्डा रिकामा होत असेल तर तेही वाईट, कारण मैला न गाळता थेट भूजलात जातो. हे खड्डे जागोजागी घ्यावे लागतात, एका कोपऱ्यातली माती दुसऱ्या कोपऱ्याची हमी देत नाही.

म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या. पूर कुठपर्यंत आला होता, कुठली विहीर कधी आटली, कुठे जनावरं पाण्याला उतरतात, हे त्यांना जागेवर उभं केलं की आठवतं, घरी विचारलं की नाही. जैवविविधतेसाठी फार मोठी तज्ज्ञ मंडळी लागतातच असं नाही. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावपातळीवर लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची पद्धत आहे, त्याच धर्तीवर कुठल्याही वस्तीला स्वतःची वही सुरू करता येते: कुठलं झाड, कुठला पक्षी, कुठे घरटं, कुठल्या महिन्यात. रस्त्यावर मेलेली जनावरं कुठे सापडतात तेही लिहा, त्यांची रोजची वाट तिथूनच जाते.

३. रेषा मारा, आणि तांबड्यासोबत हिरवा रंगही भरा

नकाशा झाला की तीन रंग घ्या.

तांबडा म्हणजे इथे बांधायचं नाही. ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा (पाणी स्वच्छ राहण्यासाठी साधारण ३० मीटर हा बऱ्याच ठिकाणी धरला जाणारा आकडा आहे, वन्यजीवांसाठी याहून रुंद लागतो), पुराचं पाणी पसरतं ती जागा, पाणथळ जागा, झरे, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवतीचा भाग, जुन्या झाडांचे गट, आणि २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतार, म्हणजे १०० मीटर आडवं गेल्यावर २५ मीटर चढणारी जमीन. एवढ्या उतारावर सपाटी करायची म्हटली की डोंगर कापावा लागतो आणि कापलेली माती पहिल्या पावसात खाली येते.

पिवळा म्हणजे अटींवर. मध्यम उतार, माती थोडी घट्ट, झाडं विरळ, अशा जागा.

हिरवा म्हणजे इथे बांधा, आणि लवकर बांधा. हा रंग भरायला लोक विसरतात. पर्यावरणवाली मंडळी तांबडं भरून मोकळी होतात, मग घर हवं असलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला सगळीकडून नाहीच म्हणतायत, आणि तो पुढच्या बैठकीपासून निसर्गाच्या विरोधातच बोलतो. माझा आग्रह असा की हिरव्या भागात पहिल्या पायरीवर मोजलेली सगळी घरं बसली पाहिजेत, नाही बसली तर नकाशा अपुरा आहे, परत टेबलावर घ्या.

याचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं ओरेगन राज्य. तिथे १९७३ च्या कायद्याने प्रत्येक शहराभोवती वाढीची सीमारेषा आखणं सक्तीचं झालं, बाहेरची शेती आणि जंगल त्यामुळे बरंच टिकलं, पण रेषेच्या आत बऱ्याच भागात एका प्लॉटवर एकच घर हा नियम तसाच राहिला. शेवटी २०१९ मध्ये कायदा करून १०,००० च्या वर लोकवस्तीच्या शहरांत अशा प्लॉटवर निदान दोन घरांना परवानगी द्यावी लागली. बाहेरून दार लावायचं असेल तर आत जागा करावीच लागते.

४. नवीन जमिनीला हात लावण्याआधी आतली जागा भरा

वस्तीच्या आतच केवढी जागा पडून असते ते मोजणी केल्यावरच कळतं. मधले रिकामे प्लॉट, पडकी घरं, बंद गोदाम, दुकानांच्या वरचा मोकळा मजला, मोठ्या घराच्या मागे एक छोटं घर बसेल एवढं अंगण. इथे रस्ता, वीज, पाण्याची लाइन सगळं आधीच आहे, त्यामुळे घर स्वस्तात होतं आणि नवीन जमीन अजिबात जात नाही. अडचण असते नियमांची. कमीत कमी प्लॉट केवढा, चारी बाजूंना किती सोडायचं, प्रत्येक घरामागे किती गाड्यांची पार्किंग, हे नियम कुठून तरी मोठ्या शहराचे उचललेले असतात आणि त्यामुळे गावठाणातलं छोटं घर बेकायदा ठरतं. समितीला जिथे अधिकार आहे तिथे हे नियम सैल करा, पार्किंगचा तर पहिला. जर्मनीत फ्रायबुर्ग शहरातल्या वॉबान भागात, जिथे आधी फ्रेंच सैन्याची छावणी होती, गाड्या कडेच्या पार्किंग इमारतींत ठेवायच्या आणि घरापुढचा रस्ता माणसांना असं ठरवलं, त्यामुळे दाट वस्ती असूनही छावणीतली जुनी झाडं उभी राहिली.

एकच काळजी घ्या, आतल्या प्रत्येक रिकाम्या तुकड्यावर घर ठोकू नका. ज्या तुकड्यावर पोरं खेळतात किंवा जिथे पावसाचं पाणी जमून मुरतं तो तुकडा कामाचाच आहे.

५. लेआउट: घरं जवळ आणा, मोकळी जागा एकत्र ठेवा

समजा ४० एकर जमीन आहे आणि २० घरं बांधायची आहेत. नेहमीची पद्धत म्हणजे दोन दोन एकराचे २० तुकडे पाडायचे. कागदावर फार हिरवं दिसतं, घर छोटं आणि भोवती भरपूर जागा, पण प्रत्यक्षात प्रत्येक तुकड्याला कुंपण, प्रत्येकाला लांब रस्ता, प्रत्येकाला दिवे आणि कुत्रा, आणि जनावरांना जायला सलग वाटच उरत नाही. सगळे ४० एकर गेले. आता तीच २० घरं अर्ध्या अर्ध्या एकरावर जवळजवळ घ्या, १० एकर लागले, रस्ते वगैरेला दोन-तीन एकर धरा, तरी जवळपास २७ एकर सलग मोकळे राहतात. घरांची संख्या तेवढीच, मालकाचं उत्पन्न बुडत नाही, आणि रस्ता, पाइप, केबल सगळंच कमी लागतं. अमेरिकेत रँडल अ‍ॅरेंट या प्लॅनरने ही पद्धत गावोगावी नेली, आणि त्याचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी वाचवायची जमीन आखायची, मग घरांच्या जागा, मग रस्ते, आणि प्लॉटच्या हद्दी अगदी शेवटी.

बिल्डरचा लेआउट समोर आला की दोन गोष्टी तपासा. मोकळी जागा सलग आहे का, आणि ती शेजारच्या ओढ्याला किंवा रानाला जोडलेली आहे का? घरांच्या मागे दहा दहा फुटांच्या पट्ट्या सोडून त्यांची बेरीज "ओपन स्पेस ६० टक्के" अशी दाखवतात, तिचा उपयोग शून्य. दुसरं म्हणजे ती जागा कायमची मोकळी राहील याचा कागद. मालकाच्या तोंडी आश्वासनाला अर्थ नाही, जमिनीच्या रेकॉर्डवरच अशी अट चढवा की पुढे कोणीही विकत घेतली तरी त्यावर बांधता येणार नाही. आणि तिची देखभाल कोण करणार, खर्च कुठून, तेही त्याच कागदात असू दे.

टीडीआर, म्हणजे वाचवायच्या जमिनीचे बांधकाम हक्क दुसरीकडे विकायचे, हाही एक मार्ग आहे. अमेरिकेत मेरीलँडमधल्या माँटगोमरी काउंटीने १९८० मध्ये या पद्धतीने सुमारे ९३,००० एकरांचं शेती राखीव क्षेत्र केलं. पण तिथे हक्क विकत घेणारी मोठी बाजारपेठ शेजारीच होती. छोट्या वस्तीत गिऱ्हाईक मिळणं अवघड जातं, मी तरी यात पहिल्या झटक्यात पडायचा सल्ला देणार नाही.

६. पाण्याचा हिशोब

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्ध्या चर्चा सोप्या होतात. १०० चौरस मीटरच्या छपरावर ५० मिमी पाऊस म्हणजे ५,००० लिटर, आणि अशी वीस घरं म्हणजे नुसत्या छपरांचंच एक लाख लिटर, रस्ते वेगळेच. पूर्वी त्याच जागेवर रान होतं तेव्हा पावसाचं साधारण १० टक्केच पाणी वरून वाहून जायचं, बाकी मुरायचं किंवा झाडापानांतून उडून जायचं. सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक झाले की अर्ध्याहून जास्त पाणी वाहतं, तेही एकदम, आणि ओढ्याचे काठ कापत जातं.

अमेरिकेतल्या टॉम शूलर यांनी १९९४ मध्ये वेगवेगळे अभ्यास एकत्र करून दाखवलं की ओढ्याच्या पाणलोटात कडक पृष्ठभाग, म्हणजे छप्पर, रस्ता, फरशी, १० टक्क्यांच्या पुढे गेला की ओढ्याची तब्येत बिघडायला लागते आणि २५ टक्क्यांच्या पुढे तो बहुतेक गटारासारखाच होतो. हा आकडा अख्ख्या पाणलोटाचा आहे, एका प्लॉटचा नाही. म्हणून तर जवळजवळ बांधलेली घरं बरी पडतात, त्यांचा प्लॉट भरलेला दिसला तरी दर घरापाठी रस्ता कमी लागतो आणि पाणलोटाची बेरीज खाली राहते.

करायचं काय तर रस्ते जरुरीपुरतेच रुंद ठेवा, छपराचं पाणी टाकीत नाहीतर मातीत सोडा, गटार बंद पाइपात घालण्याऐवजी गवताच्या उथळ चऱ्या काढा ज्यातून पाणी सावकाश जाईल आणि जाता जाता मुरेल, आणि सखल जागी असा खड्डा ठेवा जो पावसात भरेल आणि एक-दोन दिवसांत आपोआप रिकामा होईल (जास्त दिवस पाणी राहिलं तर डास). कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे मायकेल आणि ज्युडी कॉर्बेट या जोडप्याने १९७० च्या दशकात व्हिलेज होम्स नावाची सुमारे २४० घरांची वसाहत अशाच उघड्या चऱ्यांवर उभी केली. अरुंद गल्ल्या, घरांच्या मागून जाणारे पाण्याचे उथळ ओघळ, त्यांच्या काठाने फळझाडं. शहराच्या अधिकाऱ्यांना हे चालेल याची खात्री नव्हती, पण चऱ्यांनी मोठ्या पावसातही काम केलं, आणि पाइपांचा वाचलेला पैसा झाडं आणि सामायिक जागांना वापरता आला.

सांडपाणी विसरू नका. प्रत्येक घराला वेगळा सेप्टिक टँक आणि वेगळी विहीर असेल तर काही वर्षांत एकाचा मैला दुसऱ्याच्या विहिरीत येण्याची भीती असतेच, विशेषतः मुरमाड जमिनीत. घरं जवळ असली तर सगळ्यांचं मिळून एक छोटं शुद्धीकरण युनिट परवडतं, आणि त्याची देखभाल करणारा माणूस नेमता येतो.

७. बांधकाम चालू असतानाचे दिवस

प्लॅन कितीही चांगला असू दे, सगळा नास जेसीबी आल्यावर पहिल्या आठवड्यातच होऊ शकतो. जे झाड वाचवायचंय त्याचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजा आणि घेराच्या चौपट अंतरावर चारी बाजूंनी मजबूत कुंपण घाला. दीड मीटर घेराच्या झाडाला सहा मीटर. बहुतेक मुळं वरच्या दोनेक फुटांतच पसरलेली असतात, तिथून डंपर गेला, खडी टाकली किंवा मुरमाचा भराव घातला की माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, दोनतीन वर्षांनी वाळतं, तोपर्यंत बिल्डर निघून गेलेला असतो आणि लोक म्हणतात कीड लागली.

वरची काळी माती खरवडून एका बाजूला झाकून ठेवा, शेवटी तीच परत पसरायची, विकू देऊ नका. खोदकाम जोरदार पावसाच्या दिवसांत नको, आणि ओढ्याकडच्या बाजूला गाळ अडवायला कापडी कुंपण किंवा गवताचे बांध आधीच घाला. झाडांवर घरटी असतील तर तो हंगाम जाऊ द्या. दिवे खाली तोंड केलेले आणि पिवळसर उजेडाचे घ्या, ओढ्याच्या काठाला तर लावूच नका, रात्रीच्या पाखरांना आणि किड्यांना त्याचा फार त्रास होतो.

८. घर परवडतंय का, आणि दहा वर्षांनी परवडेल का

निसर्ग छान राखला की गावाची किंमत वाढते, बाहेरचे पैसेवाले येतात, आणि जे तिथे वाढले त्यांनाच जागा उरत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराने १९६७ मध्ये मोकळी जमीन विकत घेण्यासाठी मतदान करून स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, शहराभोवती सुंदर पट्टा राहिला, पण घरं इतकी महाग झाली की तिथे काम करणारे हजारो लोक रोज बाहेरगावाहून गाडीने येतात. तो धूर आणि ते रस्तेही निसर्गाच्याच खात्यात लिहावे लागतात.

यावर मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे दोन्ही कामं एकाच झोळीतून करणं. अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्याने १९८७ मध्ये एकच निधी काढला, परवडणारी घरं आणि जमिनीचं संरक्षण दोन्हीसाठी, त्यामुळे घरवाले आणि शेत-जंगलवाले एकाच टेबलावर बसायला लागले. त्याच राज्यात बर्लिंग्टनला १९८४ मध्ये कम्युनिटी लँड ट्रस्ट सुरू झाला. त्यात जमीन ट्रस्टची राहते, माणूस फक्त घर विकत घेतो, आणि विकताना वाढलेल्या किमतीचा ठरलेला हिस्साच, तिथे २५ टक्के, त्याला मिळतो, त्यामुळे पुढच्याला घर आवाक्यात राहतं. छोट्या वस्तीला हे जमण्यासारखं आहे, हिरव्या रंगातले दोनचार प्लॉट ट्रस्टच्या नावावर करूनही सुरुवात होते.

९. बैठक आणि कागद

बैठक हॉलमध्ये घेण्याआधी एकदा जागेवर घ्या. खुंट्या आणि दोऱ्या लावून घर कुठे, रस्ता कुठे हे दाखवा, नकाशा न कळणाऱ्यालाही ते दोन मिनिटांत कळतं आणि निम्मी भीती तिथेच जाते. ज्यांना घर हवंय ती मंडळी बहुतेक कामावर असतात आणि बैठकीला येत नाहीत, म्हणून वेळ त्यांच्या सोयीची ठेवा, नाहीतर फक्त ज्यांची घरं आधीच आहेत तेच ठरवून टाकतात.

२००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या सामायिक पाणी-जंगलांचा अभ्यास करून जे मांडलं त्यातल्या तीन गोष्टी इथे थेट लागू पडतात: नियम वापरणाऱ्यांनीच बनवलेले असावेत, लक्ष ठेवणारा माणूस त्यांच्यातलाच असावा, आणि दंड पहिल्या वेळी छोटा, मग वाढत जाणारा असावा.

बिल्डरशी करार करताना अटी मोजता येतील अशा लिहा. "पर्यावरणाची काळजी घेतली जाईल" या वाक्यावर कोणालाही पकडता येत नाही. इंग्लंडमध्ये २०२४ पासून बऱ्याच नव्या बांधकामांना आधीच्या निसर्गापेक्षा निदान १० टक्के जास्त निसर्ग तयार करून द्यावा लागतो आणि त्यातला मोठा भाग ३० वर्षं सांभाळावा लागतो, त्यासाठी आधी काय होतं हे मोजून ठेवावं लागतं. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी तुमची खुंट्यांची वही आणि फोटो हीच ती आधीची मोजणी, ती कराराला जोडा. किती झाडं, कुठली, कुंपण किती अंतरावर, चरी किती लांब, कडक पृष्ठभाग जास्तीत जास्त किती, कुठल्या टप्प्यावर कोण येऊन बघणार, सगळं आकड्यात. आणि डिपॉझिट घ्या, दुरुस्तीचा खर्च निघेल एवढं.

१०. ताबा दिल्यानंतर

घरं झाली, माणसं राहायला आली की समिती विरघळते, हे टाळा. पहिल्या जोरदार पावसात परत त्याच खुंट्यांपाशी जा, तारेतला काडीकचरा आता वर गेलाय का ते टेपने मोजा. वर गेला असेल तर चऱ्या कमी पडतायत, डिपॉझिट हातात असतानाच रुंद करून घ्या. ओढ्याचं पाणी गढूळ किती वेळ राहतं, विहिरीच्या पाण्याची वर्षातून एकदा लॅबमध्ये तपासणी, कुंपणाआतली झाडं, वहीतले पक्षी, एवढं पुरे. नवीन आलेल्या लोकांनाही वहीत लिहायला लावा, चरीत कचरा टाकू नये हे त्यांना बोर्डापेक्षा लवकर कळतं. डिपॉझिट निदान दोन पावसाळे गेल्याशिवाय परत करू नका, कारण मुळं दबलेलं झाड आणि खचणारा भराव पहिल्या वर्षी दिसत नाही. आणि जो हिरवा तुकडा पाण्याने चुकीचा ठरवला तो पुढच्या नकाशात पिवळा करा, त्याच्या बदल्यात दुसरीकडे तेवढाच हिरवा शोधून.